सामाईक श्रवणाचा प्रश्न

संगीत ऐकण्याची मासिक वर्गणी घरातील एकाने भरावी आणि तिचा उपभोग उरलेल्या सर्वांनी आपापल्या यंत्रांवर घ्यावा, हे कितपत शक्य आहे, कितपत उचित आहे आणि कोणत्या शर्तींवर ते चालू शकते, हा प्रश्न प्रथमदर्शनी इतका किरकोळ वाटतो की त्याचा साद्यंत आढावा घेण्याचे प्रयोजन काय, असे एखादा वाचक सहज विचारील. परंतु ज्या घरात तीन पिढ्यांच्या हाती पाच मोबाइल आहेत, दिवाणखान्यात इंटरनेटला जोडलेला टीव्ही आहे, देवघराशेजारी बोलून गाणे लावता येणारा स्पीकर आहे आणि पैसे मात्र एकाच खात्यातून वळते होतात, त्या घरात हा प्रश्न रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास नव्याने उपस्थित होतो. त्यात तंत्राचा भाग आहे, पैशाचा आहे, कायद्याचाही आहे. आणि या तिहींच्या मुळाशी एक फार जुना प्रश्न दडलेला आहे, तो असा की एक घर म्हणावे तरी कोणाला. खान्देशात, जिथल्या कितीतरी गावांचा एक पाय सुरतेत आणि दुसरा पुण्यात असतो, तिथे या अखेरच्या प्रश्नाला कंपन्यांनी दिलेले उत्तर पटण्यासारखे नाही, असे आमचे मत आहे. ते का, हे पुढे क्रमाने येईल.

जळगावातील असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. स्नान आटोपून आजी स्पीकरला भीमसेन जोशींचा अभंग लावण्यास सांगतात. स्पीकर मुलाच्या खात्याला जोडलेला असल्यामुळे अभंग तत्काळ सुरू होतो, आणि त्याच क्षणी, एरंडोल सोडून पारोळ्याच्या वाटेला लागलेल्या बसमध्ये, धुळ्याच्या कॉलेजात निघालेल्या नातवाच्या कानातले गाणे तुटते. तो बापाच्याच खात्यावर ऐकत असतो. वैतागून तो आपले गाणे पुन्हा लावतो. इकडे अभंग अंतऱ्यावरच थांबतो, आणि आजी स्पीकरची पिन काढून पुन्हा बसवतात. दोनतीन वेळा ही ओढाताण झाली की वडिलांना फोन जातो आणि वडील, ज्यांनी दोघांसाठी पैसे भरले आहेत अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे, कंपनीला दोष देतात. वस्तुतः काहीही बिघडलेले नसते. वैयक्तिक वर्गणीचे खाते एका वेळी एकाच यंत्रावर वाजते, ही त्या कराराची शर्त आहे, आणि तो करार ‘मान्य आहे’ या बटणावर बोट ठेवून त्यांनीच केलेला असतो.

हा घोळ समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. एक यंत्र आणि त्याभोवती अनेक श्रोते, ही आपल्याकडील श्रवणाची मूळ रीत. 1902 साली कलकत्त्यास गौहरजान यांच्या गायनाचे ध्वनिमुद्रण झाले आणि त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत चावीचा ग्रामोफोन सधन व्यापाऱ्यांच्या ओसरीपर्यंत येऊन पोचला. जळगावात बालपणी मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे धडे घेतलेल्या बालगंधर्वांची नाट्यपदे पुढे तबकड्यांवरून घरोघर गेली, तेव्हा ती तबकडी विकत घेणारा एक असे आणि ओसरीवर, ओट्यावर व समोरच्या रस्त्यावर उभे राहून ऐकणारे अनेक असत. त्या अनेकांचा हिशेब मागण्याची कल्पना तबकडी काढणाऱ्या कंपनीला सुचली नाही. सुचली असती तरी वसुलीची सोय नव्हती.

नभोवाणी आली आणि श्रवणावर पहिल्यांदा सरकारची नोंद बसली. बिनतारी यंत्रांसंबंधीच्या 1933 च्या कायद्यान्वये रेडिओ बाळगण्यास परवाना लागे. त्याची पुस्तिका टपाल कचेरीत मिळे, दरसाल शुल्क भरून तीवर तिकिटे लावून घ्यावी लागत, आणि तपासनीस दारात उभा राहिला असता पुस्तिका दाखविता आली नाही तर दंड होई, प्रसंगी यंत्र जप्त होई. 1970 च्या दशकात हे शुल्क वर्षाला 15 रुपये होते. घरगुती परवाना वेगळा, हॉटेल वा दुकानात गिऱ्हाइकांसाठी रेडिओ लावणाऱ्याचा व्यापारी परवाना वेगळा. 1980 च्या दशकाच्या मध्यास ही सारी पद्धत रद्द झाली, आणि आज पन्नाशीच्या आतल्या वाचकास ती ठाऊक असण्याचे कारण नाही. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने तिच्यातील एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. परवाना यंत्राचा होता, ऐकणाऱ्याचा नव्हता. एका परवान्यावर घरातील दहा माणसांनी ऐकावे, शेजारच्या वाड्यातील वीस जणांनी येऊन बसावे, कोणाची हरकत नसे. 1955 च्या रामनवमीस पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले आणि पुढे वर्षभर आठवड्याला एक याप्रमाणे त्याची 56 गीते प्रसारित झाली, तेव्हा ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांनी ती शेजारच्या घरी बसून ऐकली. पुढच्याच वर्षी युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने मराठी मुलखातील पाच जिल्ह्यांत मिळून दीडशे खेड्यांत शेतकऱ्यांची श्रवणमंडळे स्थापन केली. त्यात तर एका रेडिओपुढे मंडळच्या मंडळ बसून शेतीविषयक कार्यक्रम ऐकत असे आणि त्यावर चर्चा करून आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत असे. चित्रपटगीतांसाठी लोक रेडिओ सिलोनकडे वळले, मग 3 ऑक्टोबर 1957 रोजी विविधभारती आली, आणि कालांतराने जळगाव व धुळे येथे आकाशवाणीची स्वतःची केंद्रे झाली. या सर्व काळात काय ऐकावे याबद्दल घरात भांडणे झाली असतील, पण किती जणांनी ऐकावे याबद्दल कधी झाली नाहीत.

कॅसेटचा काळ त्रोटकपणे सांगून पुढे जाऊ. कोरी कॅसेट आणि आवडीच्या गाण्यांची यादी दुकानदाराकडे द्यावी आणि त्याने ती ‘भरून’ द्यावी, हा प्रकार सर्वत्र होता व तो बेकायदा होता. मोबाइल आल्यावर कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली. जळगावच्या गोलाणी मार्केटपासून तालुक्याच्या गावातील टपरीपर्यंत ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या कार्डावर एकीकडे गझल, दुसरीकडे आखाजीची गाणी आणि तिसरीकडे लग्नातली गाणी कशी कोंबलेली असत हे आठवेल. कार्ड एका फोनातून काढून दुसऱ्यात घातले की वाटप पूर्ण झाले. गायकाला, गीतकाराला, संगीतकाराला त्यातून छदामही मिळत नसे, ही त्या सोयीची काळी बाजू. आणि आजच्या वर्गणीपद्धतीवर टीका करताना ती विसरणे अन्यायाचे होईल.

वर्गणीची पद्धत आपल्याकडे रुजली ती गेल्या दहा वर्षांत. गाना 2010 पासून होते, एअरटेलचे विंक 2014 मध्ये आले, ॲपल म्युझिक 2015 च्या जूनअखेरीस सुरू झाले. परंतु सप्टेंबर 2016 मध्ये जिओने डेटाचे दर पाडले नसते तर ही सर्व मंडळी महानगरांपुरतीच राहिली असती. 2018 अखेर सावन आणि जिओम्युझिक एकत्र होऊन जिओसावन झाले, फेब्रुवारी 2019 मध्ये स्पॉटिफाय व पाठोपाठ मार्चमध्ये यूट्यूब म्युझिक येथे दाखल झाले. पुढे गानाने 2022 मध्ये फुकट श्रवण बंद केले, रेसो ही सेवा जानेवारी 2024 अखेर बंद झाली आणि त्याच वर्षी विंकनेही गाशा गुंडाळला. ज्यांनी विंकमध्ये वर्षानुवर्षे याद्या रचल्या होत्या त्यांना, भाड्याच्या घरात लावलेल्या झाडावर आपली मालकी नसते, याचा प्रत्यय आला.

दरांविषयी थोडक्यात. स्पॉटिफायची एका माणसाची वर्गणी प्रारंभी महिना 119 रुपये होती आणि सहा जणांची कौटुंबिक योजना कित्येक वर्षे 179 रुपयांस मिळत असे, म्हणजे माणशी तीस रुपयेही पडत नसत. ॲपलने 2019 मध्ये आपला वैयक्तिक दर 99 व कौटुंबिक दर 149 रुपयांवर आणला. उलट यूट्यूब प्रीमियमची कौटुंबिक वर्गणी ऑगस्ट 2024 मध्ये 189 वरून एकदम 299 रुपये झाली. स्पॉटिफायचेही दर पुढे वाढले आणि योजनांची रचना बदलली. यास्तव कोणताही आकडा आज घरी बसून गृहीत न धरता भरण्याच्या दिवशी पाहून घ्यावा हे उत्तम. येथे लक्षात घ्यायचे ते प्रमाण. कौटुंबिक योजना वैयक्तिक दराच्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहून कमी पैशांत पाच-सहा स्वतंत्र खाती देते. घरात तीन माणसे नियमित ऐकत असतील, तर एकाच खात्याचा पासवर्ड तिघांत फिरविण्यात बचत तुटपुंजी आणि मनस्ताप भरपूर.

आता यंत्र आणि खाते यांतील भेद. सामान्य माणूस ‘किती डिव्हाइस चालतात’ असे विचारतो, आणि दुकानदारही त्याला ‘पाच चालतात’ असे ठोकून देतो. परंतु हा पाचाचा आकडा बहुधा गाणी उतरवून ठेवण्यासंबंधीचा असतो. स्पॉटिफायच्या सशुल्क खात्यावरून पाचपर्यंत यंत्रांवर, दर यंत्रामागे दहा हजारांपर्यंत गाणी उतरवून घेता येतात, आणि ती टिकवायची तर तीस दिवसांतून एकदा तरी ते यंत्र इंटरनेटला जोडावे लागते. एकाच वेळी वाजण्याचा अधिकार मात्र एकाच यंत्राला. ॲपलच्या वैयक्तिक वर्गणीतही हाच न्याय आहे. दुसरे असे की ब्लूटूथने जोडलेला स्पीकर, गाडीतला टेप, ट्रॅक्टरवर बसविलेला पेटीवजा ॲम्प्लिफायर, यांपैकी कोणतेही या हिशेबात धरले जात नाही. ते केवळ फोनचा आवाज बाहेर काढतात. स्वतः इंटरनेटला जोडलेला टीव्ही किंवा बोलका स्पीकर मात्र धरला जातो, कारण तो कोणाच्या तरी खात्याने प्रवेश करतो. वर सांगितलेल्या घरातील आजींचा स्पीकर जर ब्लूटूथने त्यांच्याच फोनाला जोडलेला आणि त्या फोनात त्यांचे स्वतःचे खाते असते, तर पारोळ्याच्या रस्त्यावर कोणाचे गाणे तुटण्याचा संभव नव्हता.

डेटाचा हिशेबही येथेच उरकून घेऊ, कारण त्याची धास्ती अनाठायी आहे. सेकंदाला 96 किलोबिट या साध्या प्रतीने तासभर गाणी ऐकली तर सुमारे 43 एमबी खर्च होतात, 160 ने 72 आणि 320 या उंची प्रतीने 144. दिवसाला एक-दीड जीबीचा रिचार्ज असलेल्या माणसास तीन तासांचे साधे श्रवण जेमतेम 130 एमबीला पडते. डेटा खातो तो व्हिडिओ. गाणे ‘ऐकण्या’साठी यूट्यूबवर व्हिडिओ लावून फोन उलटा ठेवणारे लोक चित्राचे पैसे भरतात आणि भिंत पाहतात. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत किंवा साक्रीच्या डोंगराळ भागात, जेथे नेटवर्क येते-जाते, तेथे घरच्या वायफायवर रात्री गाणी उतरवून ठेवणे हा सर्वांत शहाणा मार्ग होय.

सामाईक खात्याचा खरा तोटा पैशांत मोजता येत नाही. ही यंत्रणा प्रत्येक खात्यामागे एकच मन आहे असे धरून चालते. काय ऐकले, काय मध्येच सोडले, कोणत्या वेळी काय लावले, यांची टिपणे ठेवून ती पुढचे गाणे सुचविते. आता एकाच खात्यावर सकाळी हरिपाठ, दुपारी लहान मुलीसाठी बडबडगीते, सायंकाळी वडिलांची 1961 सालच्या ‘मानिनी’तील, बहिणाबाईंच्या शब्दांवर वसंत पवारांनी बांधलेली गाणी आणि रात्री नातवाचे पंजाबी रॅप असे चालले, तर यंत्रणेने बिचारीने समजावे तरी काय? ती मग देवपूजेच्या वेळी रॅप सुचविते आणि वर्षाअखेरीस ‘आपले वर्ष’ म्हणून जो गोषवारा सादर करते त्यात कुटुंबातील कोणीच स्वतःला ओळखत नाही. तरुण मुलांची याहून नाजूक अडचण अशी की सामाईक खात्यात कोण काय ऐकतो हे सर्वांना दिसते. विशीतल्या मुलीने मध्यरात्री लागोपाठ पाच विरहगीते ऐकली, ही बातमी न्याहारीच्या टेबलावर पोचण्याचे काही कारण नसते. उलट लहान मुलांच्या बाबतीत पालकांना थोडी नजर ठेवावीशी वाटते, आणि कौटुंबिक योजनांत अश्लील शब्दांची गाणी मुलांच्या खात्यापुरती बंद ठेवण्याची सोय असते. पासवर्ड वाटून घेणाऱ्यांस ती नीट वापरता येत नाही, कारण मुलाला बंद केले की बापालाही बंद होते.

पैसे कापण्याच्या रीतीबद्दल घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात जो संशय असतो तो सर्वस्वी निराधार नाही, पण आता त्यावर बंदोबस्त आहे. रिझर्व्ह बँकेने 1 ऑक्टोबर 2021 पासून लागू केलेल्या नियमांनुसार वारंवार आपोआप होणाऱ्या वसुलीसाठी खातेदाराची आगाऊ संमती लागते आणि प्रत्येक कपातीच्या निदान चोवीस तास आधी सूचना यावी लागते. तो संदेश वडिलांच्या फोनवर येतो, ते तो ओटीपीच्या लबाडीचा समजून पुसून टाकतात, आणि दुसऱ्या दिवशी पैसे गेले म्हणून ओरड करतात. ज्याच्या खात्यातून पैसे जातात त्याला वर्गणीचे नाव, रक्कम आणि तारीख कागदावर लिहून द्यावी. एवढ्याने निम्मी भांडणे मिटतात. फुकट महिन्याच्या आमिषाने घेतलेली वर्गणी न रुचल्यास मुदतीपूर्वी रद्द करण्याचे कामही ज्याने घेतली त्यानेच करावे, आजोबांवर टाकू नये.

आता आम्ही ज्या भागाकडे येण्यासाठी इतकी वाट चाललो तो. कौटुंबिक योजनेत कोणास घेता येते? अनेक कंपन्यांचे उत्तर एकच: जे एका पत्त्यावर राहतात त्यांना. स्पॉटिफाय सामील होणाऱ्या प्रत्येकाकडून पत्ता भरून घेते आणि तो मुख्य वर्गणीदाराच्या पत्त्याशी जुळावा लागतो. यूट्यूबच्या नियमांत दर तीस दिवसांनी सभासद एकाच घरी राहतात काय याची यांत्रिक पडताळणी होते. 2018 साली स्पॉटिफायने अमेरिका व जर्मनीतील काही वर्गणीदारांकडे फोनच्या उपग्रही स्थाननोंदीने पत्ता सिद्ध करण्याची मागणी केली, त्यावर इतका गदारोळ झाला की ती चाचणी थांबवावी लागली. दृक्‌श्राव्य क्षेत्रात नेटफ्लिक्सने जुलै 2023 पासून भारतात घराबाहेरच्या वाटपावर बंधन घातले. रोख स्पष्ट आहे: पासवर्ड मित्रांत वाटला जाऊ नये.

हेतूबद्दल आमचा आक्षेप नाही, कसोटीबद्दल आहे. प्रथम तिची व्यावहारिक गंमत पाहावी. धुळ्यात गल्ल्यांना क्रमांक आहेत. वडिलांनी ‘गल्ली नं. 4’ लिहिले आणि मुलीने ‘चौथी गल्ली’ लिहिले, तर एकाच ताटात जेवणारी ही दोन माणसे यंत्राच्या लेखी दोन घरांची ठरू शकतात. जळगावच्या नव्या वस्त्यांत गट क्रमांक, प्लॉट क्रमांक, नगराचे नाव आणि ‘अमुक मंदिरामागे’ ही खूण, यांतील कोणता भाग पत्ता आणि कोणता नाही हे पोस्टमनला कळते, नकाशाला कळेलच असे नाही. तेव्हा सामील होताना सर्वांनी एकच पत्ता, शक्य तर मुख्य वर्गणीदाराच्या खात्यावरून जसाच्या तसा उतरवून, भरावा.

परंतु मोठी हरकत तत्त्वाची आहे. आपल्याकडील राज्यव्यवस्थेने कुटुंब हे केवळ पत्त्यावरून ओळखलेले नाही. पुण्यास वसतिगृहात शिकणाऱ्या मुलाचे नाव जळगावच्या शिधापत्रिकेवर राहते. प्राप्तिकराचा कायदा अविभक्त हिंदू कुटुंबास एक स्वतंत्र करदाता मानतो आणि त्याचे सभासद एकाच छताखाली निजतात काय, अशी विचारणा करीत नाही. मिताक्षरेच्या परंपरेतही केवळ वेगळे राहणे किंवा वेगळी चूल मांडणे याने विभक्तपणा सिद्ध होत नाही, असे न्यायालये मानीत आली आहेत. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते, तेव्हा रोटासाठी गहू घरातील माणसांच्या हिशेबाने मोजून घेतात; सुरतेच्या कापडगिरणीत वीस वर्षे असलेला धाकटा भाऊ त्या हिशेबात असतो आणि रोट खाण्यासाठी तो ताप्ती खोऱ्याच्या रेल्वेने गावी येतो, तर भिंतीला भिंत लागून राहणारा भाडेकरू त्या हिशेबात नसतो. कंपनीचा नियम नेमके याच्या उलट सांगतो. तिच्या लेखी भाडेकरू एकवेळ घरचा ठरेल, सुरतेच्या उधन्यात खोली घेऊन राहणारा सख्खा भाऊ परका.

या नियमाने सर्वांत अधिक पीडा होते ती नोकरी-शिक्षणानिमित्त बाहेर पडलेल्या मुलामुलींना आणि त्यांच्यामागे गावी राहिलेल्या आईबापांना. मुलगा चाकणला कारखान्यात लागला, त्याने पहिल्या पगारातून कौटुंबिक योजना घेऊन आईला अमळनेरला गाण्यांचे खाते उघडून दिले, हा खरे तर कौतुकाचा विषय. नियमाच्या लेखी मात्र तो शर्तभंग होय. कंपन्यांना मित्रामित्रांतील वाटप रोखायचे असेल तर सभासदांची संख्या मर्यादित आहेच. वर्षातून एकदाच सभासद बदलता येईल असे बंधन घालता येईल, जास्तीच्या बाहेरगावच्या सभासदासाठी थोडा आकार घेता येईल. यांपैकी काहीही न करता केवळ पत्त्याची कसोटी लावणे म्हणजे परदेशातील छोट्या कुटुंबाचे माप येथे आणून लावणे होय. अर्थात नियम अन्याय्य आहे म्हणून खोटा पत्ता भरावा, असा सल्ला आम्ही देणार नाही. करार आवडत नसेल तर करू नये, पण करून तो मोडण्यात शोभा नाही.

पासवर्ड वाटणाऱ्यांचा आणखी एक बचाव असतो, की एवढ्या मोठ्या कंपनीचे आपल्या शंभर रुपयांवाचून काय अडते. कंपनीचे अडत नाही हे खरे. अडते ते कलावंताचे, आणि तेही वाटते त्याहून गुंतागुंतीच्या रीतीने. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये टिप्स विरुद्ध विंक या दाव्यात, नभोवाणीसाठी असलेली वैधानिक परवान्याची तरतूद इंटरनेटवरील श्रवणाला लागू नाही असा निर्णय दिला. त्यामुळे गाण्यांच्या मालकांशी प्रत्येक सेवेला स्वतंत्र करार करणे भाग आहे, आणि अशा करारांत किती वर्गणीदार आहेत हा मोबदल्याचा एक आधार असतो. ‘एक खाते, एक कान’ हा आग्रह केवळ लोभातून आलेला नसून या करारांतूनही आलेला आहे. जमलेल्या पैशांचे वाटप बहुतेक सेवा एकत्र गंगाजळीतून, एकूण श्रवणातील वाट्याच्या प्रमाणात करतात. म्हणजे आपल्या घरात महिनाभर केवळ अहिराणी गाणी वाजली, तरी आपली वर्गणी अहिराणी गायकांकडे जात नाही. ती देशभरच्या ढिगात पडते आणि ढिगातून मोठा हिस्सा मोठ्या नावांना जातो. भरीस भर, स्पॉटिफायने 2024 पासून असा नियम केला की बारा महिन्यांत हजारदा न ऐकल्या गेलेल्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणास मोबदला नाही. शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या एखाद्या होतकरू गायकाचे पहिले गाणे या चाळणीतून सहज गळते.

अहिराणीचा बाजार म्हणूनच या सेवांवर वाढला नाही, यूट्यूबवर वाढला. ‘हाई झुमकावाली पोर’सारखे गाणे खान्देशाच्या सीमा ओलांडून जिथे अहिराणीचा गंधही नाही अशा वरातींत पोचले ते व्हिडिओच्या वाटेने, आणि आजही नवे खान्देशी गाणे प्रथम तिथेच प्रकट होते. ज्या घरात अहिराणी ऐकली जाते त्या घराने वर्गणी घेण्यापूर्वी आपली दहा आवडती गाणी त्या सेवेत शोधून पाहावीत. नसतील तर सहा जणांची योजना घेऊन सहाही जण यूट्यूबवरच ऐकत राहतील. या एका कारणासाठी खान्देशी घरास यूट्यूबची कौटुंबिक वर्गणी महाग असूनही अधिक उपयोगी पडण्याचा संभव आहे, असे आम्हांस वाटते. उलट ज्या घरात केवळ आजी-आजोबा आहेत आणि खाते, पासवर्ड, नूतनीकरण यांचा कंटाळा आहे, तेथे 2017 पासून मिळणारी सारेगामाची कारवाँ ही पेटी, जिच्यात हजारो जुनी गाणी कायमची भरलेली असतात, पुष्कळ बरी. ती कोणाचा पत्ता विचारीत नाही.

दुकानदारांसाठी एक इशारा आवश्यक आहे. घरगुती वर्गणी ही घरगुती उपभोगापुरतीच असते. सलूनमध्ये, कापडाच्या दुकानात किंवा खानावळीत गिऱ्हाइकांसाठी ती लावणे शर्तीबाहेरचे असून जाहीर वादनासाठी हक्कधारकांचा वेगळा परवाना लागतो, जसा पूर्वी हॉटेलातल्या रेडिओला लागे. लग्नाच्या वरातीस व धार्मिक समारंभास 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यातच सूट आहे. ती सूट कायद्याची झाली, वर्गणीच्या करारातील शर्ती तिने आपोआप सैल होत नाहीत.

तेव्हा ज्याला आज निर्णय घ्यायचा आहे त्याने असे करावे. घरात नियमित ऐकणारी दोनच माणसे असतील तर दोघांची योजना किंवा दोन वैयक्तिक वर्गण्या. तीन वा अधिक असतील आणि एका छताखाली असतील, तर निःशंक कौटुंबिक योजना, प्रत्येकाचे खाते वेगळे, आणि दिवाणखान्यातल्या स्पीकरसाठी शक्य तर एक जागा राखीव, म्हणजे पाहुणे आले, मुले नाचली, आरती झाली, तरी कोणाच्या वैयक्तिक आवडीनिवडीची दप्तरे बिघडत नाहीत. आजीचे खाते आजीच्या नावे आणि आजीच्या फोनवर. ते उघडून देण्याचे काम नातवाने करावे, आणि आवडते अभंग त्यात उतरवून ठेवण्याचेही. पुण्यास शिकणाऱ्या मुलीला मात्र घरच्या योजनेत दडपून घालू नये: तिने कॉलेजच्या ओळखीवर विद्यार्थ्यांसाठीची वर्गणी घ्यावी, जी बहुधा वैयक्तिक दराच्या निम्म्याच्या आसपास पडते. चाकणच्या मुलाला आणि उधन्याच्या भावाला पत्त्याची अट लावणाऱ्या सेवांत अशी सवलत उपलब्ध नाही. ती मिळावी म्हणून वर्गणीदारांनी कंपन्यांच्या तक्रार विभागांकडे मराठीतून लिहावे.